तांब्याची पट्टी मी काढून टाकली

आमच्या घरात देवाविषयी शंका काढलेली चालत असे, तांब्याविषयी नाही. नाशिकच्या जुन्या भागात, नदीकडे उतरत जाणाऱ्या तांबटांच्या आळीत आमचं घर होतं. खाली कारखाना, वर दोन खोल्या, मागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला पत्र्याची शेड. पहाटे पहिला ठोका पडे तो समोरच्या घरातून, मग शेजारून, मग आमच्याकडून, आणि बघता बघता सगळी आळी एका मोठ्या, बेशिस्त वाद्यासारखी वाजू लागे. आईचं माहेर कीर्तनकारांचं. शाळा तिची सातवीत सुटली होती, पण वृत्तं तिला बोटांवर पाठ होती. ती भाकऱ्या थापता थापता मला लघु-गुरू शिकवी, आणि खालून येणारे ठोके मोजायला लावी. "ऐक, हा अण्णांचा हातोडा. लघु, गुरू, गुरू. आता ते पत्रा फिरवतायत, म्हणून थांबले. थांबणंही मोजायचं असतं गं." बाजरीच्या भाकरीचा करपट गंध, काळ्या मसाल्याच्या आमटीची वाफ, आणि जिन्यावरून वर येणारा चिंच-राखेचा आंबूस वास, या तिन्हींच्या मधोमध मी कविता शिकले. म्हणून असेल, अजूनही चांगली ओळ वाचली की मला जिभेच्या कडेला चिंचेची चव येते.

अण्णा म्हणजे माझे वडील. उंच, कमी बोलणारे, हातांची कातडी तांब्याच्याच रंगाची झालेली. त्यांच्या लेखी धातू एकच. पितळ म्हणजे तडजोड, स्टील म्हणजे आलेली साडेसाती, आणि चांदी म्हणजे तांब्याला घातलेला झगा. हा झगा घालण्याचं काम मागच्या शेडमध्ये चाले. पूजेची ताम्हनं, पंचपात्र्या, पळ्या आधी तांब्यात घडत आणि मग चांदीच्या मुलाम्यासाठी टाकीत उतरत. टाकीवर आमची आत्या, शेवंता, बसे. अण्णांची धाकटी बहीण. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा गेला, तेव्हा वणीच्या सासरहून एका पेटीनिशी परत आलेली. टाकीतलं द्रावण विषारी. ती कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून, नाकाला पदर बांधून बसे, आणि काम संपल्यावर अंघोळ केल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घेत नसे. जेवायला ती शेवटची येई, ओले केस पाठीवर सोडलेले, आणि कैरीचा तक्कू आधी नुसता बोटाने चाटून घेई. दिवसभर तोंड बंद ठेवलेल्या बाईची ती चैन होती. त्या टाकीने तिला घरात जागा दिली होती असं आळी म्हणे. मी आज स्पष्टच लिहिते: तिने त्या टाकीला घरात जागा दिली होती. तिच्याआधी अण्णांचा मुलामा कुणी विकत घेत नव्हतं.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गात आम्ही मुली तिघी. प्रकल्पाचा विषय सांगायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, "तुम्ही मुलींनी दारावरची घंटा करा. सुबक होते." बाकीच्या दोघी हसल्या, मीही हसले, आणि घरी येऊन मुलाम्याच्या टाकीचा प्रवाह स्थिर राखणाऱ्या पेटीची आकृती काढली. तोवर आत्या हाताने एक बटण कमी-जास्त करत असे. वीज वर-खाली झाली की तिला उठावं लागे. माझी पेटी ते आपोआप करणार होती. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट यावरच उभी आहे. वाहता प्रवाह मोजायचा तर त्याच्या वाटेत एक छोटासा, नेमका अडथळा ठेवावा लागतो. प्रवाह त्यातून जाताना अडथळ्याच्या दोन टोकांत किंचित दाब तयार होतो, तो मोजला की प्रवाह कळतो. पेटी त्या दाबाकडे टक लावून असते; तो वाढला की प्रवाह आवरते, घटला की सोडते. सगळं शहाणपण एका गृहीतावर: तो अडथळा स्वतः बदलणार नाही. वृत्तात गुरू दोन मात्रांचा असतो. तो उन्हाळ्यात अडीच मात्रांचा होऊ लागला, तर कवीने कितीही मोजून लिहावं, ओळ खोटीच निघणार.

अडथळ्यासाठी एका खास मिश्रधातूची तार लागते, ती शोधायला हवी, असं मी जेवताना बोलले. अण्णांचा घास थांबला. "कसली तार? किती लांब?" मी सांगितलं. ते म्हणाले, "तांबटाच्या घरात वीज न्यायला परका धातू आणणार? अख्ख्या जगात वीज तांब्यातून जाते, अन् माझी पोरगी भंगारातली तार हुडकतीय." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात एक पट्टी ठेवली. वीतभर लांब, कागदाइतकी पातळ ठोकलेली, कडा कानशीने घासून रेशमासारख्या केलेल्या, दोन्ही टोकांना भोकं. दिव्याखाली ती अशी दिसत होती जणू सूर्यास्तातून एक रेघ कापून काढली आहे. मी तिच्यावर चार ओळी लिहिल्या. वहीत आहेत, वाईट आहेत. आणि हे लिहिताना मला कुणाच्या आड लपायचं नाही: मला माहीत होतं. पुस्तकाच्या शेवटी कोष्टक होतं, त्यात तांब्यापुढे लिहिलं होतं की ते तापलं की त्याचा रोध वाढतो, आणि चांगलाच वाढतो. मी ते वाचलं होतं, आणि पान उलटलं होतं. अण्णांनी मला दिलेली ती पहिली वस्तू होती जी भांडं नव्हती.

पेटी हिवाळ्यात बसली. पट्टी आत, पंख्याशेजारी. सकाळच्या गारव्यात मी पेटीवरचा प्रवाहाचा काटा चाळीसच्या आकड्यावर जुळवला आणि तो चाळीसवर राहिला. सर प्रकल्प बघायला शेडपर्यंत आले, आणि घंटेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. थंडीत टाकी सकाळचे दोन-तीन तासच चाले. मग लग्नसराई आली, शेडचा पत्रा दुपारी असा तापे की त्यावर पडलेलं निंबाचं पान चुरमुरून जाई, आणि टाकी दिवसभर चालू लागली. महिन्याभरात मेन रोडवरचे आमचे भांडीवाले शेठ एक पळी घेऊन आले. पळीच्या खोलगट भागातून तांबं उघडं पडलं होतं, लालसर, जखमेवरची खपली निघावी तसं. "अण्णा, ही एक नाही. डझनभर परत आल्यात. गिऱ्हाईक म्हणतं, चांदी दिली का चांदीचा वास दिला?"

अण्णांनी पेटीकडे पाहिलं. काटा चाळीसवर होता. शांत, सरळ, निष्पाप. मग त्यांनी आत्याकडे पाहिलं.

"यंत्र चुकत नाही. भांडी लवकर काढतीस तू, शेवंता."

"घड्याळ लावून काढते मी. तुम्ही या अन् बसा एक दिवस."

"मग चांदी गेली कुठं?"

हा प्रश्न साधा नव्हता. आळीत असा प्रश्न विचारला की त्याचं उत्तर उंबरठ्याबाहेर पोचतं. आत्याने हातमोजे काढले, ते दोरीवर वाळत घातले, आणि आत गेली. रात्री जेवताना अण्णांनी आईला सांगितलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं: सातपूरच्या कारखान्यातला एक माणूस सोमवारपासून टाकीवर येईल. शेवंताच्या दिराला पत्र टाकलंय, वणीला तिची एक खोली आहेच. आत्या तक्कूला हात न लावता उठली. मला आठवतं, तिच्या ताटातली भाकरी तुकडा न मोडता तशीच गोल राहिली होती.

बुधवार होता. सोमवारला पाच दिवस.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला दांडी मारून शेडमध्ये बसले. आत्या आली, रोजच्यासारखी. मी म्हटलं, "आत्या, खरं सांग, तुला काय दिसतं?" तिने हातमोज्याने टाकीकडे बोट दाखवलं. "मला तुझं ते वाचता येत नाही, पोरी. पण सकाळी भांडं बुडवलं की वीस मोजायच्या आत त्याच्यावर साय धरते. दुपारी ते आळसावतं. पंचवीस मोजावं लागतं. काटा मात्र तिथंच. मी अण्णांना बोलले होते. ते म्हणाले, काट्यापेक्षा तुझी मोजणी मोठी काय?" दुपारी दोनला मी पेटीचं झाकण उघडलं आणि त्या देखण्या पट्टीला बोट लावलं. चटका असा बसला की मी ओरडले. आत्याने माझं बोट मडक्यात बुडवलं, आणि त्या गार पाण्यात बोट धरून बसले असताना मला पुस्तकाचं ते उलटलेलं पान अक्षरन् अक्षर दिसलं. पट्टी तापत होती. तापली की तिचा अडथळा वाढत होता. प्रवाह तेवढाच असून दाब जास्त दिसत होता, आणि माझी पेटी त्या वाढीव दाबावर विश्वास ठेवून प्रवाह आवरत होती. काटा चाळीसवर होता, कारण काटा पट्टीचं ऐकत होता. टाकीत मात्र चाळीस पोचत नव्हते. दुपारी जवळजवळ पाचवा हिस्सा गायब. चांदी कुणी चोरली नव्हती. ती टाकीत टांगलेल्या चांदीच्या गोळ्यातून सुटलीच नव्हती. आत्या वीस आणि पंचवीस मोजत होती ती मात्रांची मोजणी अचूक होती. चुकत होती ती मी, पदविका घ्यायला निघालेली.

नाशिकच्याच द्वारका चौकाजवळ, ट्रकांच्या भोंग्यांमध्ये, मीटर दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांचं खोपटं होतं. मी सायकल टेकवली आणि सगळं एका दमात सांगितलं. ते गालात हसले; मोजायच्या अडथळ्याला त्यांच्या भाषेत शंट म्हणत. "तांबटाच्या घरात तांब्याचाच शंट! बेटी, सोनाराच्या घरी सोन्याचा तवा करतील का?" मग त्यांनी तीन तारा काढून बाकावर ठेवल्या आणि म्हणाले, "बघितल्याशिवाय घेऊ नकोस. माझ्यावर पण भरोसा नको." त्यांच्या मीटरला एकेक तार जोडायची, स्टोव्हजवळ धरायची, काटा पाहायचा. पहिली विजेच्या शेगडीची तार: तापून फारशी बदलली नाही, पण तिला डाख धरेना, वितळल्या कथलाचा थेंब पाऱ्यासारखा घरंगळून जाई. दुसरी, करडी, कॉन्स्टंटन नावाची: नावाप्रमाणे स्थिर, मी तीच उचलली. चाचांनी माझा हात अडवला. "थांब. हिला तांब्याशी जोड. आता एकच सांधा गरम कर. प्रवाह बंद आहे ना? बघ." प्रवाह नव्हता आणि काटा हलला. "ही स्वतः सरळ आहे. पण तांब्याला भेटली की सांध्यात चुगली करते. तुझ्या पेटीत एक टोक पंख्याकडं, एक भिंतीकडं. दोन्ही सारखी तापणार नाहीत." तिसरी मँगनिन. तपकिरी, मातकट, बघावीशी न वाटणारी. ती तापली, आणि काटा जागेवर. तिचा तांब्याशी सांधा तापवला, काटा जागेवर. मी पुन्हा तापवलं. चाचा म्हणाले, "अगं, रॉकेल संपेल." त्यांनी एका मोडक्या जुन्या मीटरमधून त्या धातूची जाड पट्टी कापून दिली, आणि बजावलं की मोजायच्या तारा पट्टीच्या अंगावरच जोडायच्या, टोकाच्या स्क्रूंवर नाही, नाहीतर सांध्याचाही अडथळा मोजला जातो.

हल्ली माझी नात असे भाग फोनवरून मागवते. तिळाएवढा चौकोन येतो, आणि त्याच्यासोबत कागद, की एका अंशाला दहा लाखांत किती भाग तो बदलेल. ती कागद वाचते, नाक मुरडते, परत पाठवते, "आजी, पन्नास चालणार नाहीत, मला पंधराच्या आतला हवा." मला तिचं ते नाक मुरडणं फार आवडतं. मला कवयित्री म्हणून बोलावणारी माणसं विचारतात की या यंत्रांच्या गोष्टी आत्मचरित्रात कशाला. त्यांना मी उत्तर देत नाही. ज्यांना वाटतं की कविता मोगऱ्यातच असते आणि मँगनिनमध्ये नसते, त्यांनी हे प्रकरण ओलांडून पुढे जावं.

नवी पट्टी गुपचूप बसवता आली असती. आत्याला ते चाललंही असतं, ती म्हणाली, "बदलून टाक अन् गप बस. माझं गाठोडं सुटलं म्हणजे झालं." पण मग चांदी कुठे गेली हा प्रश्न तसाच राहिला असता, आणि त्याचं उत्तर म्हणून आळीने आत्याचंच नाव घेतलं असतं. मी शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात बॅटरी, शेगडीची तार आणि मीटर मांडलं, आणि आईकडे कुरडया तळायची कढई मागितली, तेलासकट. अण्णा जिन्यातून वर आले. "हे काय मांडलंय? कढईत वीज सोडणार?" आई चुलीकडून वळलीसुद्धा नाही. "कढई माझी आहे," ती म्हणाली. "बसा."

मी त्यांची पट्टी लाकडी काठीला टांगून गार तेलात सोडली. बॅटरीचा प्रवाह शेगडीच्या तारेने बांधून ठेवलेला, तो बदलणार नव्हता. काटा चाळीसवर आणला. मग आईने आच वाढवली. तेलात बारीक लहरी उठल्या, गोडसर वास पसरला, आणि काटा चालायला लागला. बेचाळीस. पंचेचाळीस. खाली, आळीत, ठोके चालूच होते. काटा पन्नासवर गेला.

"प्रवाह वाढला," अण्णा म्हणाले.

"नाही वाढला. तुमची पट्टी फुगवून सांगतीय. पेटीत हेच होतं, अण्णा. पट्टी पन्नास म्हणते, पेटी घाबरून कमी करते, आणि टाकीत बत्तीस जातात. रोज दुपारी."

मग मँगनिनची पट्टी. त्याच तेलात, तशाच गरम. मी काटा चाळीसवर आणला, चुलीतला जाळ बाहेर ओढला, आणि आम्ही चौघंजण तेल निवेपर्यंत बसलो. आई, अण्णा, दारात उभी आत्या, मी. काटा हलला नाही. तेल निवायला किती वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं.

अण्णांनी ती मातकट पट्टी हातात घेतली, नखाने खरवडली, वास घेतला. "यात काय काय असतं?"

मला खोटं बोलायचं नव्हतं. "बरंचसं तांबं. मग मँगनीज. थोडं निकेल."

त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तांबंच की!"

किती सोपं होतं हो म्हणणं. ते हसले असते, आई हसली असती, आत्याची कपड्यांची पेटी परत माळ्यावर गेली असती, आणि तांब्याची अब्रू राहिली असती. मी वडिलांपुढे कधी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "नाही. तांबं असतं तर आत्ता तुमच्यासमोर हललं असतं. तांब्याला उन्हात खरं बोलता येत नाही, अण्णा. त्याचा दोष नाही, ते तसंच आहे. दोष माझा. मला ठाऊक होतं आणि मी तुमच्या भीतीने ते बसवलं. पण आत्याचा दोष नव्हता, हे तुम्ही म्हणा."

त्यांनी पट्टी माझ्या हातात परत दिली. उठले, खाली गेले. थोड्या वेळाने त्यांचा हातोडा सुरू झाला, पण त्यात वृत्त नव्हतं. मी शेडमध्ये जाऊन त्यांची पट्टी काढली आणि दुसरी बसवली. सातपूरच्या माणसाला येऊ नको असा निरोप रविवारी गेला. वणीच्या पत्राचं पुढे कुणी बोललं नाही. अण्णांच्या मते एवढ्यात सगळं मिटलं होतं.

सोमवारी सकाळी शेडला कुलूप होतं आणि किल्ली आत्याच्या कमरेला. ती पायरीवर वाल सोलत बसली होती. अण्णा म्हणाले, "शेवंता, माल पडलाय." ती म्हणाली, "पडू द्या." "अगं, तुला जायचं नाही आता." तिने एक दाणा वाटीत टाकला. "जायचं नाही हे मला कळलं. चांदी कुठं गेली ते शेठला कधी कळणार?" मंगळवारीही कुलूप होतं. आई तिच्या ताटात दोन वेळा तक्कू वाढत होती. अण्णा कारखान्यात एकाच ताम्हनावर दिवसभर ठोकत होते, आणि आळीतली माणसं येता-जाता आत डोकावत होती. अण्णांनी मला एकटीला गाठून म्हटलं, "तू समजाव तिला." मी म्हटलं, "मला ती बरोबर वाटते." आयुष्यात मी पुष्कळ ओळी लिहिल्या. इतकी नेमकी ओळ पुन्हा जमली नाही.

बुधवारी ते टोपी घालून बाहेर पडले आणि शेठना घेऊन परतले. अंगणात उभं राहून, कारखान्यातले दोघे कारागीर ऐकत असताना, ते म्हणाले, "शेठ, पळ्या पातळ निघाल्या त्या माझ्यामुळं. मी घडवलेली पट्टी चुकीची होती. बहिणीनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." बोलताना ते जमिनीकडे बघत होते, पण शब्द एकही गिळला नाही. शेठ गडबडले. "अहो, असू द्या, घरातलंच आहे. आता होतंय ना नीट? ताई, एखादं भांडं बुडवून दाखवा, मी घेऊनच जातो."

आत्याने कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दोरीवरचे हातमोजे उतरवले. सकाळचे नऊ वाजले होते. शेडमध्ये अजून गारवा होता.

"आता नाही," ती म्हणाली. "आता कुणीही करील. दुपारी दोनला या, शेठ. पत्रा तापू द्या."